सहा नंबरचा पंखा

ज्ञानेशने सकाळी तक्रार केली आणि जेवणाच्या सुट्टीआधी मॅनेजर रणजीत सरांनी आम्रपालीला सहा नंबरच्या प्रेसवर पाठवलंसुद्धा.

"पोरगा म्हणतोय, दुपारी काउंटर नग खातोय. डबी उघडून बघ जरा."

ज्ञानेशला कामाला लागून चार दिवस झाले होते. आम्रपाली शिडी ओढत शेडच्या त्या टोकाला निघाली, आणि तिला वाटलं, विमलमावशी दोन महिने हेच सांगत होती. तेव्हा कुणी शिडी हलवली नव्हती. आपणही नाही.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटखालच्या लोखंडी पट्ट्या ठोकत. बारा प्रेस होत्या. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक प्रेसच्या डोक्यावर प्लॅस्टिकची एक डबी बसवली, आत पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर आणि खाली स्क्रीन. प्रेस एकदा खाली आली की स्क्रीनवरचा आकडा एकाने वाढायचा. कोणी किती नग काढले ते सुपरवायझरला केबिनमध्ये बसून दिसायचं. या डब्या आम्रपालीनेच बसवल्या होत्या. मेंटेनन्समधली ती एकटी मुलगी. तिचे वडील साहेबराव पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं लेथवर उभे होते, आणि लेक मशीनला कॉम्प्युटर लावते हे ते भेटेल त्याला सांगत.

सहा नंबरवर नऊ वर्षं विमलबाई होती. चिखलीच्या जुन्या गावातली, पन्नाशीची, ठेकेदाराकडून आलेली. मार्चपासून तिचा दुपारचा आकडा घसरायला लागला. सकाळी ठीक असायचा, पण जेवणानंतर शंभर-दीडशे नग कमी. पाच आणि सहा नंबरचा माल एकाच ट्रॉलीत पडायचा, त्यामुळे कुणाचे किती हे सांगायला स्क्रीनशिवाय काही नव्हतं. सुपरवायझर सयाजी तिला रोज शिफ्ट सुटताना थांबवायचा. "मावशी, मशीन खोटं बोलत नाही. झोप लागती का जेवल्यावर?"

एप्रिलमध्ये एकदा विमलबाईने आम्रपालीला वाटेत गाठलं होतं.

"पोरी, त्ये डबडं येकदा नीट बघ की. माझा हात थांबत न्हाई, आकडा थांबतोय."

आम्रपालीच्या मागे तेव्हा दोन बंद पडलेल्या प्रेसचं काम होतं. तिने खालूनच मान वर केली. हिरवा दिवा लागलेला होता, आकडा वाढत होता. "चालू आहे मावशी. दिवा दिसतोय ना?" म्हणाली आणि पुढे गेली. मेच्या अठरा तारखेला ठेकेदाराने विमलबाईचा गेटपास काढून घेतला.

आता शिडीवर चढून आम्रपालीने डबीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पत्र्याच्या छपराखाली सगळंच तापलेलं असतं, पण ही डबी भाजत होती. झाकणात नाण्यापेक्षा जरा मोठा पंखा होता. तो थांबलेला होता. अकरा प्रेसवरचे पंखे फिरत होते, हा एकच नाही.

आधी तिला वाटलं, धूळ. ब्रशने पाती साफ केली, बोटाने फिरवून बघितलं. अडकत नव्हता, नुसताच ढिम्म होता. मग वाटलं, जळला असेल. चार नंबरवरचा चांगला पंखा काढून इथे लावला. तोही फिरेना. इथला काढून चार नंबरवर लावला, तर तो भुर्र फिरायला लागला.

म्हणजे पंखा चांगला होता. वायर तपासली, तीही चांगली. वीज जिथून कायम मिळते त्या पिनांवर पंखा थेट जोडला, लगेच फिरला. राहिली एकच गोष्ट. हे पंखे आपोआप फिरत नसत. कॉम्प्युटर साठ अंशांच्या वर तापला की पंखा सुरू कर, असं त्याला एका ओळीत सांगून ठेवावं लागे. आम्रपालीने लॅपटॉप जोडला, सेटिंगची फाइल उघडली. ती ओळ तिथे नव्हतीच.

पंख्याविना तापलेला कॉम्प्युटर बंद पडत नाही. जळू नये म्हणून तो स्वतःचा वेग कमी करतो. दिवा लागलेला राहतो, आकडाही वाढत राहतो, फक्त प्रेस भराभर चालली की मधले ठोके त्याच्या हातून सुटतात. सकाळी गारव्यात सगळे मोजले जायचे आणि दुपारी शंभर-दीडशे वाहून जायचे.

ती ओळ पुसली कुणी, हे बघायला तिने फाइलची तारीख पाहिली. अकरा मार्च. मग मेंटेनन्सचं रजिस्टर काढलं. अकरा मार्च, प्रेस क्रमांक सहा, मेमरी कार्ड खराब, नवीन टाकले. खाली सही तिचीच होती.

तिला तो दिवस आठवला. लाइन थांबली होती, रणजीत सर शिडीखाली उभे राहून घड्याळ बघत होते. तिने घाईघाईत नवं कार्ड तयार केलं. मोजणीचा प्रोग्राम टाकला, पंख्याची ओळ राहून गेली. मार्चमध्ये त्याने फारसं बिघडलं नाही. ऊन वाढत गेलं तसं बिघडत गेलं.

ती स्टोअरमध्ये गेली. तिथला खंडू दर शनिवारी ट्रॉल्या वजनावर मोजायचा. पाच आणि सहाचा मिळून माल मार्चपासून कितीने घटला, असं तिने विचारलं. खंडूने वही चाळली. "घटला कुठं ताई? आहे तेवढाच आहे. एप्रिलात तर वाढलाय."

ती तशीच रणजीत सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पंखा चालू केलास ना आता?"

"केला सर. पण विमलमावशींना..."

"ती ठेकेदाराची बाई. आपण कुठे काढलं तिला?"

"आपल्या आकड्यावरून काढलं सर."

"तुझ्या आकड्यावरून," रणजीत सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "ओळ टाकायला तू विसरलीस. तसं रजिस्टरला लिहायचं असेल तर लिही बाई, मी अडवत नाही. पण मग ऑडिटवाल्यांनी विचारलं तर तुझं तू बघ. नाहीतर पंखा दुरुस्त केला म्हणून लिही आणि मोकळी हो."

आम्रपालीने लिहिलं, 'प्रेस क्रमांक सहा, पंखा दुरुस्त केला.' सही केली.

रविवारी ती चिखलीला गेली. विमलबाई भाजी निवडत ओट्यावर बसली होती. हल्ली ती ताथवड्याला मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. आम्रपाली बसली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कार्ड, ओळ, सही, काही न लपवता.

विमलबाईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "मोनिका," तिने सुनेला हाक मारली, "हिकडं ये. आन् तू पुन्यांदा सांग, पोरी. हिच्यासमोर सांग."

आम्रपालीने पुन्हा सांगितलं. मोनिका दाराला टेकून ऐकत होती. "जाऊ द्या ना आता," ती म्हणाली. "तसंही आईंना झेपत नव्हतंच. आम्ही पण म्हणतच होतो." आणि आत गेली.

सून गेली त्या दाराकडे विमलबाईने बघितलं.

"समदं घर म्हनायचं, आई, तुमचं वय झालं," ती म्हणाली. "आदी मी भांडले. मग माझं मलाच वाटाया लागलं, व्हय, डोळा लागत आसंल. मी जेवायचं बंद क्येलं दुपारचं, ठाव हाय तुला? झोप यिऊ नये म्हनून. उपाशी हुबी ऱ्हायले दीड महिना." मग तिने वर बघितलं. "ह्ये कागदावर लिव्हलंस का?"

आम्रपालीला खोटं बोलता आलं नाही. "नाही मावशी."

"मग कशापायी आलीस? तुझ्या जिवाला बरं वाटाया?"

विमलबाईने जुडी उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा पानं खुडायला लागली. चहाचं तिने विचारलं नाही. आम्रपाली थोडा वेळ उभी राहिली, मग चप्पल घालून निघाली.

सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांना फलकाजवळ बोलावलं. रणजीत सरांनी आठवड्यागणिक आकड्यांचा आलेख लावला होता. सहा नंबरची रेघ मार्चपासून खाली खाली आलेली आणि शेवटी सरळ वर गेलेली.

"माणूस बदलला की काय फरक पडतो, बघा," ते म्हणाले. "अठरा टक्के. ज्ञानेश, पुढे ये."

टाळ्या पडल्या. ज्ञानेश लाजत पुढे आला. सयाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"सर," आम्रपाली मागून म्हणाली. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. "माणसामुळे वाढले नाहीत. पंखा सुरू झाला म्हणून वाढले. पंख्याची ओळ मी टाकली नव्हती. विमलमावशींचे नग पूर्ण होते, स्टोअरच्या वहीत वजन आहे. त्यांची काही चूक नव्हती."

खंडू जमिनीकडे बघत होता. पाच नंबरवरच्या सुमनताईने पदर तोंडाला लावला. नऊ वर्षं ती विमलबाईच्या शेजारी उभी होती.

"झालं?" रणजीत सर म्हणाले. "चला, मशिनी थांबल्यात."

लोक पांगले. प्रेस सुरू झाल्या. आम्रपालीने रजिस्टर काढलं, 'पंखा दुरुस्त केला'च्या खाली सगळं सविस्तर लिहिलं, आकडे आणि तारखांसकट, आणि पानाचा फोटो काढून मोनिकाच्या फोनवर पाठवला. तो पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. ठेकेदाराला तिने दोनदा फोन केला. जागा भरली, असं तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात काउंटरचं काम तिच्याकडून काढून बाहेरच्या एका एजन्सीला दिलं. तिला कॉम्प्रेसरच्या तेलपाण्यावर टाकलं. साहेबराव अजूनही भेटेल त्याला सांगतात की लेक मशीनला कॉम्प्युटर लावते. ती त्यांना कॉम्प्रेसरचं सांगत नाही.

फलकावरचा आलेख दिवाळीपर्यंत तसाच होता.