बहात्तर तासांचे खोके

“चहाला थांबलो नाही, साहेब. शप्पथ! पाय मोकळे करायलासुद्धा खाली उतरलो नाही.”

“मग हे काय आहे?” साहेबांनी कागद टेबलावर आपटला.

कागदावर एक रेघ होती. खोक्यात ठेवलेले बोटभर यंत्र वाटेतले तापमान टिपते आणि ती रेघ काढते. एक्केचाळिसाव्या तासापर्यंत रेघ शहाण्या मुलासारखी पाच अंशांवर चाललेली, आणि मग जी उठली ती थेट चोविसावर. खोके बहात्तर तासांचे होते, म्हणजे तेवढा वेळ आतला माल गार राहायला हवा होता. आतले इन्सुलिन लांबच्या दवाखान्याने जसेच्या तसे परत पाठवले होते. तीन आठवड्यांतले हे तिसरे खोके, आणि तिन्ही पैलवानाच्या गाडीतून गेलेली.

पैलवान म्हणजे गाडीवाला. सदरा अंगात नसून खुंटीला टांगला आहे असे वाटावे इतका सडपातळ, म्हणून ते नाव.

“गाडी उन्हात लावून झोपतोस,” साहेब म्हणाले. “सोमवारी दुसरा माणूस येईल. तोपर्यंत आहेस.”

खोके गार ठेवणाऱ्या विटांच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मावशीने मान वर केली नाही. यातले निम्मेच तिला ऐकू आले होते. उरलेले निम्मे तिने चेहऱ्यांवरून भरून काढले. या कामात ती वर्षभरात तरबेज झाली होती.

वर्षभरापूर्वी जग पुटपुटायला लागले. आधी नवरा. एकतीस वर्षे घर डोक्यावर घेणारा माणूस अचानक हळू बोलू लागला, तेव्हा तिला वाटले, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. मग सून ओठांतल्या ओठांत बोलू लागली. त्यात नवल नव्हते. मग दारावरची बेल बिघडली. सगळ्यांचे एकदम बिघडावे आणि आपलेच तेवढे शाबूत राहावे, हा ताळा जमत नाही, हे तिला कळत होते. पण कळलेले सगळे बोलून दाखवायलाच हवे असे कुठे आहे? आणि बोलणार कसे? तिची नोकरीच कानाची होती.

वीट म्हणजे निळ्या प्लास्टिकचा चपटा डबा. आत मेणासारखा पदार्थ. तो पाच अंशांवर गोठतो आणि पाच अंशांवरच वितळतो. शेवटचा कण वितळेपर्यंत, बाहेर ऊन आग ओकत असले तरी, पाच सोडत नाही. बूड न हलवणारा पाहुणा जसा. त्याच्या जिवावर औषध तीन दिवस गार राहते. पण फ्रीजरमधून काढलेली वीट उणे वीसची असते. ती तशीच भरली तर औषध गोठते, आणि गोठून वाया गेलेले इन्सुलिन दिसायला चांगलेच दिसू शकते. म्हणून विटा आधी मांडणीवर काढून ठेवायच्या आणि आतून जेमतेम वितळू लागल्या की भरायच्या. हे जेमतेम कसे ओळखायचे, ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेले होते : दीड तासाने वीट कानाशी धरून हलवा, बारीक खुळखुळ आली की लगेच भरा.

मावशी ती खुळखुळ एकोणीस वर्षे ऐकत होती. तिने मान डोलावली की वीट खोक्यात जायची. साहेब बदलले, मांडण्या बदलल्या, मान तीच राहिली.

हल्ली मात्र विटा दीड तासात बोलत नव्हत्या. अडीच तास लागत, कधी तीन. “नवा माल निबर आलाय,” असे ती सांगायची. ऐकणारे माना हलवायचे. मावशी म्हणते म्हणजे असेलच निबर.

पैलवान बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याने घरी फोन लावला. पलीकडून कोणी तरी बोलले असावे, कारण त्याचे तोंड उघडले. पण काहीच न सांगता त्याने फोन खिशात टाकला. एवढे पाहायला कान लागत नाहीत.

मावशीने एक वीट उचलली. हलवली. काही नाही. घड्याळात पाहिले. विटा काढून दोन तास होत आले होते. आणि तिच्या मनाने नको तो हिशेब मांडला. मांडणीवर जेवढे वितळले तेवढे खोक्यात पुन्हा कसे वितळणार? निम्मी वीट इथेच संपली, तर निम्मेच तास उरणार. बहात्तरचे निम्मे छत्तीस. कागदावर एक्केचाळीस.

तिने लेबलवालीला हाक मारली. “जरा इकडे ये गं. ही ऐक.”

लेबलवालीने वीट हलवली. “वाजतेय की.”

“आत्ता लागली वाजायला?”

“छे हो. मगाशी तुम्ही हलवलीत ना, तेव्हाच मला तिकडे ऐकू आली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला काय सांगायचं, मावशी? मला वाटलं, तुम्ही याहून बारीक काही तरी ऐकताय.”

मावशी हसली. हसण्यासारखेच होते. मग ती तिथेच स्टुलावर बसली.

गप्प बसणे अवघड नव्हते. उद्यापासून कानाऐवजी घड्याळ पाहून विटा भरायच्या. सोमवारी नवा गाडीवाला येणार, खोकी धड पोहोचणार, साहेब म्हणणार, बघा, माणूस बदलला आणि फरक पडला. दोन वर्षांनी आपण पेढे-हार घेऊन निवृत्त. सगळे बिनचूक जुळत होते. फक्त चूक दुसऱ्याच्या नावावर पडत होती.

ती उठली, तेव्हा गुडघे वाजले असावेत.

“साहेब, गाडी ठीक आहे,” ती म्हणाली. “विटाच मी उशिरा भरते.”

“उशिरा म्हणजे? का?”

“खुळखुळ ऐकू येत नाही.”

साहेब खाली कागदाकडे बघत काही तरी बोलले. चेहराच दिसेना, तेव्हा भरून काढायला काही उरले नाही. “काय म्हणालात?”

“म्हटलं, कधीपासून?”

“वर्ष होत आलं.”

साहेबांनी डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपे गेले असते. “मावशी, मला हे लिहावं लागेल. तुमच्या नावानं.”

“लिहा.”

“विटा आता लेबलवाली बघेल. तुम्ही लेबलं घ्या.”

“बरं.”

“आणि कान दाखवून या. आधी दाखवला असतात तर…”

“हो,” मावशी म्हणाली.

सोमवारी टेबलांची अदलाबदल झाली. लेबलवालीने वीट कानाशी धरली, सवयीने मावशीच्या मानेकडे पाहिले, आणि नजर काढून घेऊन स्वतःच वीट खोक्यात ठेवली. लेबलांचे टेबल दाराजवळ होते. पैलवान आत आला, मावशीपाशी थांबला आणि जरा वाकून हळूच काही तरी बोलला.

इतके दिवस अशा वेळी ती नुसती हसायची.

“मोठ्यानं बोल रे,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

टेप फाडणारा कुणाचा तरी हात मध्येच थांबला. साहेबांनी काचेतून वर पाहिले. पैलवान कानापर्यंत लाल झाला, आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा ओरडला,

“म्हटलं, खोकी किती?”

“सहा.”

त्याने बोट लावून सहा मोजली, वहीत सही केली आणि दोन-दोन करून, आडवी न होऊ देता, गाडीत नेऊन ठेवली. मावशीने पुढच्या लेबलाचा कागद नखाने सोडवायला घेतला. पहिल्यांदा तो सुटला नाही.