हळू विचारलेला प्रश्न

लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर, ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या घरासमोर, एक अजब रीत आहे. काळ्या दारातून मंत्री बाहेर पडला की समोरच्या कठड्यामागे उभ्या वार्ताहरांनी घसा फाडून प्रश्न ओरडायचे, आणि मंत्र्याने बहिऱ्याचं सोंग घेऊन गाडीत बसायचं. उत्तर कुणी देत नाही, कुणाला अपेक्षितही नसतं. पण ओरडलं नाही तर तुमची वाहिनी झोपा काढत होती असं होतं!

या ओरडण्यात टीव्ही वार्ताहर नेरीस प्रॉबर्टचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेल्समधल्या खाणगावची पोर, आवाज खणखणीत. बावीस वर्षं तिने ती गल्ली दणाणून सोडली. गेल्या हिवाळ्यात घशात गाठ निघाली. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज बसला तो बसलाच.

"आजचा मंगळवार बघू," तिची संपादक फिलिपा सकाळी म्हणाली होती. "मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर आरोग्यमंत्री बाहेर येतील. जमलं तर छानच. नाही जमलं, तर उद्यापासून ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बातम्या लिहायच्या. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! जन्माचं काम काढून घ्यायचं आणि वर हा शहाणपणा.

"अगं, तुझ्याऐवजी मी ओरडू का?" कॅमेरामन डगल म्हणाला. "आमच्या स्कॉटलंडात मेंढ्या हाकायची सवय आहे मला."

"तुझा आवाज ऐकून मेंढ्या समुद्रात उड्या घेतील. गप कॅमेरा धर."

नेरीस हसली खरी, पण तिचं लक्ष त्या काळ्या दाराकडे होतं. छोट्या गावांतली प्रसूतिगृहं बंद होणार अशी महिनाभर कुजबुज होती. किती, ते कुणी सांगत नव्हतं. सरकारचं एकच पालुपद, विचार चालू आहे.

दार उघडलं. आरोग्यमंत्री हेसलडीन बाहेर आले, आणि कठड्यामागे एकच गिल्ला झाला. "राजीनामा देणार का?" "पंतप्रधान नाराज आहेत का?" साहेबांची नजर सरळ गाडीवर. नेरीसने सगळा जोर लावला. ओठ हलले, आवाज मात्र फुटला नाही.

हेसलडीनसाहेबांना ती दिसली. गळ्याला रुमाल बांधलेली एक बाई आपल्याशी हळू काहीतरी बोलते आहे. आता ओरडणाऱ्याकडे काणाडोळा करायला हे लोक पक्के शिकलेले असतात. पण कुणी सौम्यपणे बोलत असताना पाठ फिरवायची? छे! इंग्रज आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला ते जमतच नाही. साहेबांचे पाय आपोआप वळले. रस्ता ओलांडून ते कठड्यापाशी येऊन वाकले.

"माफ करा हं बाई, ऐकू नाही आलं. काय म्हणालात?"

सगळे चिडीचूप झाले. बावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

"किती प्रसूतिगृहं बंद होणार, मंत्रीसाहेब?"

साहेबांनी पाठ केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. पण आपणच येऊन विचारलं होतं, आता टाळायचं कुठल्या तोंडाने?

"यादीत अकरा आहेत," ते म्हणाले. "पक्कं अजून काही नाही. पण अकरा."

मदतनीस धावत आला, त्याने साहेबांचा दंड धरला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"मिळालं का रे?" नेरीसने विचारलं.

"अक्षर न् अक्षर मिळालंय बयो!" डगल कॅमेरा थोपटत म्हणाला.

पाच मिनिटांत तिला थेट प्रक्षेपणात बोलायचं होतं. कानातल्या यंत्रात स्टुडिओतल्या ध्वनितंत्रज्ञाचं बोलणं ऐकू आलं. "फिलिपा, हिचा आवाज फारच बारीक येतोय. दुसऱ्या कुणाला उभं करू या का?"

नेरीस ते यंत्र कानात दाबून ऐकू लागली.

"काही गरज नाही," फिलिपा म्हणाली. "लोक आपापल्या घरातला टीव्हीचा आवाज मोठा करतील. आणि नेरीस, पुढच्या मंगळवारीही तिथे तूच."

नेरीसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला वेळ कुठला, निवेदकाने तिचं नाव घेतलंसुद्धा. ती तशीच, आहे त्या आवाजात बोलायला लागली.