खुशीचा राजीनामा

माझ्या नवऱ्यानं राजीनामा कधी दिलाच नव्हता. मल्हारला कंपनीनं गेटवरून हाकललं आणि कोर्टात सांगितलं, यानंच नोकरी सोडली. हे खोटं आहे, एवढं सिद्ध करायला आम्ही नऊ वर्षं केंदूरहून पुण्याला कामगार न्यायालयात खेटे घातले.

शेवटी कंपनी तडजोडीला आली. पंधरा लाख. आमच्या बाजूनं बोलायला आनंदराव आबा, गावच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमन. आमच्या गावात कागद कसलाही असो, आबा बोट ठेवतील तिथं सही करायची आणि मोकळं व्हायचं.

"आकडा बघ मल्हार, कागुद काय वाचायचा?" आबा म्हणाले. त्यांचा स्वतःचा चष्माही खिशातच होता. मल्हारनं सही केली.

खात्यात आले चौदा लाख अडीच हजार. मी शिरूरला टॅक्सचं काम करणाऱ्या अक्षदाताईंकडं गेले.

"टॅक्स कापलाय," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांचा थकलेला पगार असं लिहिलं असतं, तर तो त्या त्या वर्षात वाटून दाखवला असता. वर्षाला पावणेदोन लाखसुद्धा होत नाहीत, त्यावर कसला टॅक्स? कापलेले सगळे पैसे परत मिळाले असते."

"मग लिव्हलंय काय?"

त्यांनी वाचून दाखवलं. कामगारानं खुशीनं राजीनामा दिला, म्हणून कंपनीनं मर्जीनं एकरकमी पैसे दिले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जे खोटं ठरवायला नऊ वर्षं झिजलो, त्याच्यावर आम्हीच सही ठोकून आलो होतो, आणि वर साडेसत्त्याण्णव हजार भरले होते!

घरी मल्हार म्हणाला, "जाऊ दे हर्षदा, आबा थोर माणूस हाय." मला त्याचाही राग आला. वहीचं पान फाडलं, चार ओळी लिहिल्या आणि तडक सोसायटीत गेले. आबा चार माणसांत बसले होते.

"आबा, हितं सही करा." मी बोट ठेवलं.

"कशाचा कागुद हाय, पोरी?"

"चेअरमनकीचा राजीनामा हाय. तुमच्या खुशीचा. कागुद काय वाचायचा, आबा?"

आबांनी खिशातून चष्मा काढला, धोतरानं पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.