न बोललेलं भाषण

प्रांतांची जंगलं आपल्या ताब्यात घ्यायचं विधेयक केंद्र सरकारनं आणलं होतं. खालच्या सभागृहात ते सहज पार झालं. आता प्रांतांचे प्रतिनिधी बसतात त्या वरच्या सभागृहानं 'हो' म्हटलं, की कायदा होणार होता.

या सभागृहाच्या काचेच्या खोलीत ती दुभाषी बसायची. डोंगरी प्रांताची बोली तिच्या आईची, आणि ही बोली येणारी तिथं ती एकटीच. शेजारचा दुसरा दुभाषी म्हणजे पोपट. हे नाव त्याला धंद्यानंच दिलेलं.

चर्चा रंगली असताना हेडफोनमध्ये डोंगरी प्रांताच्या आबांचा आवाज आला. आबा सत्ताधारी पक्षाचे जुने खासदार. विधेयकाच्या बाजूनं मत द्यायचा पक्षादेश त्यांनाही होता. पण आवाज म्हणत होता, "हे जंगल माझं नाही. ते देऊन टाकायचा अधिकार मला कुणी दिला? माझा विरोध आहे."

तिनं सवयीनं भाषांतर केलं. खाली बाकांवर एकदम कुजबुज उठली.

पोपटानं झटकन तिचा माइक बंद केला. "कुणाचं बोलतेयस गं?"

"आबांचं."

"अगं, आबा गप्प बसलेत. त्यांचा माइकसुद्धा बंद आहे. बघ की!"

तिनं काचेतून पाहिलं. आबांचं तोंड मिटलेलं होतं आणि ते टक लावून तिच्याकडेच बघत होते. हेडफोनमध्ये कुणीतरी अजून श्वास घेत होतं.

सभापतींनी विचारलं, "माननीय सदस्यांना काही म्हणायचंय का?"

आबा बाकाला धरून उठले. माइक लागला. आणि ते तेच बोलले, शब्दन् शब्द.

त्यांच्यापाठोपाठ आणखी काही खासदार फिरले. विधेयक पडलं. सरकार तगलं, आबांची मात्र पक्षातून हकालपट्टी झाली.

सभागृह उठल्यावर आबांनी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, ते तुला कसं ऐकू आलं? मी मनातल्या मनात बोलत होतो. उठायची छाती नव्हती माझी."

"कानात आलं, आबा. आवाज तुमचाच होता. फक्त तरुण वाटला."

आबा कठडा धरून उभे राहिले. "म्हणजे आहे अजून तो," एवढंच पुटपुटले आणि सावकाश खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा पोपट तिच्याकडे बघेना.

"काय झालं रे?"

"काही नाही. माझ्या मनातलं ऐकू आलं तर तेवढं मोठ्यानं बोलू नकोस, म्हणजे झालं," तो हसत म्हणाला. पण खुर्ची त्यानं पार भिंतीला नेऊन टेकवली होती.