बुटांच्या खोक्यातला दिवाणखाना

यांना कंपनीतून नवे सेफ्टी बूट मिळाले. बूट यांच्या पायात गेले आणि खोकं मी विशाखापुढे ठेवलं.

"ह्यात घर करू या?"

तिनं खोक्यात डोकावून पाहिलं. "कोनं घर?"

"तुझं."

"मनं घर नामपूरमा शे," ती म्हणाली आणि पुन्हा फरशीवर बोटानं रेघा ओढत बसली.

विशाखा माझी थोरली, पाच वर्षांची. धाकटा जन्मला तोच नाजूक. त्याची छाती सारखी भरून यायची, आणि मी दवाखाना नि घर यांच्या मध्ये कुठंतरी असायची. तेव्हा माझी आई हिला नामपूरला घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली पोर वर्षभर तिथंच राहिली. तिथं सगळे माझ्या आईला माय म्हणतात, मला अक्का. हीही तेच शिकून आली. सिडकोतल्या ह्या नव्या खोलीत ती पाहुण्यासारखी वागायची. पाणीसुद्धा विचारून प्यायची. "अक्का, पानी लेऊ?" मला ते ऐकवायचं नाही.

माझा धाकटा भाऊ पुंजाराम रविवारी येणार होता. हे म्हणाले, "नाही रुळत तर जाऊ दे तिला मामाबरोबर. तिकडच्या शाळेत घालतील. रडवून ठेवण्यात काय अर्थ?" मी हो म्हटलं. मग खोकं पुन्हा उचललं.

दुपारी बाळ निजलं की आम्ही बसायचो. सोफा आधी केला. काडेपेट्या एकीला एक चिकटवल्या, पाठीला दोन उभ्या. शेजारच्या मेहरुन्निसाभाभींचे मालक स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांच्याकडून रेक्झिनची कातरणं आणली.

"क्या बात है!" भाभी दारातूनच म्हणाल्या. "माझ्या घरी लोखंडी खुर्ची, अन् तुमच्या गुडियाला लाल सोफा! बसायला बोलवा हं आम्हाला."

विशाखा गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही मावणार नही."

भाभी इतक्या हसल्या की बाळ उठलं.

बाकीचं सामान घरातच होतं, फडताळात, औषधांच्या डब्यात. वर्षभराच्या आजारपणानं एवढ्या बारीकसारीक वस्तू मागं ठेवल्या होत्या. टॉनिकच्या बाटलीचं झाकण पालथं घातलं, झालं टीपॉय. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं म्हणजे बसायला स्टुलं. रिकाम्या बाटलीत झेंडूची एक पाकळी खोचली. माझ्या जुन्या परकराच्या लेसचे पडदे झाले. टीव्हीसाठी काडेपेटीवर काळा चकचकीत तुकडा बसवला तेव्हा तर तिनं टाळीच वाजवली. गल्लीत एकाच घरी टीव्ही आला होता आणि तिथं तिला दारात उभं राहून पाहावं लागायचं.

"बाबासाहेब कुठं?" तिनं विचारलं.

खरंच की! आलेल्या पाकिटावरचं बाबासाहेबांचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं आणि भिंतीवर लावलं. ते जरा तिरकं बसलं, तर तिनं ओल्या बोटानं सरळ केलं. मग हात जोडले. मी मान वळवून बाळाची दुपटी आवरू लागले.

शनिवारी चिंध्यांच्या बाहुल्या केल्या. बाबा, आई, बाळ आणि फ्रॉकवाली मुलगी. बाबांना तिनं टीव्हीसमोर बसवलं, आईला सोफ्यावर, बाळ आईच्या मांडीवर. मुलगी उचलून खोक्याबाहेर ठेवली. चांगली हातभर लांब, उंबऱ्याजवळ.

"अगं, तिला आत घे ना. जागा आहे."

"ती इथली नही."

"मग कुठली?"

"मायनी शे ती." आणि मग मला समजावं म्हणून माझ्या बोलीत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "मायनं तिला कांदे देऊन घेतली."

माझी आई नामपूरच्या मार्केटमध्ये कांदा निवडायला जाते. तिथल्या बायका पोरांची थट्टा करायला पुढं. काय म्हणाल्या असतील ते मला न सांगता कळलं. तुझ्या आईनं तुला पाटीभर कांद्यावर दिली, म्हणून तू इथं. लहानपणी मलाही म्हणायच्या, तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतली. मी खिदळायची, कारण माझी आई तिथंच बसलेली असायची.

"विशू, खोटं आहे ते. गंमत करतात त्या."

"मग मी तिथं का होते?"

मी खोक्यातला टीव्ही काढला. काळा तुकडा सोडवून खिडकीशी धरला. "हे बघ. ह्या बरगड्या आहेत. बाळाच्या. दवाखान्यात त्याच्या छातीचा फोटो काढला होता, त्याचं टोक आहे हे. त्याला श्वास घेता येत नव्हता. मी त्याला घेऊन तिथं निजायची. घरी तुला जेवायला कोण घालणार होतं?"

तिनं तुकडा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडं धरला. मग झोळीत निजलेल्या बाळाजवळ गेली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. छाती खालीवर होत होती.

"आता घेतो श्वास," ती म्हणाली.

"घेतो."

ती परत आली, खाली बसली. मला वाटलं, कळलं. पण ती माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "तरी कांदे तर परत द्यावे लागतील ना."

कांदे कुणी घेतलेच नव्हते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचं तोंड मार्केटातल्या एखाद्या अडत्यासारखं पक्कं होतं. बायकांनी सौदा झाला म्हटलं होतं, मोडायचा तर तो रीतीनंच मोडायला हवा.

"देऊ," मी म्हटलं. "पाटीभर देऊ."

घरात मोजके कांदे. उरलेले भाभींकडून आणले. कशाला ते सांगितल्यावर त्यांनी आपली सगळी टोपलीच रिकामी केली. "ले जाओ. आज आमच्याकडं बिनकांद्याचा खिमा."

रविवारी पुंजाराम आला. जय भीम घालून टेकतो न टेकतो तोच विशाखानं कांद्यांनी भरलेली पिशवी दोन्ही हातांनी ओढत त्याच्यापुढं आणली.

"मामा, हे मायला दे. आता मी तिची नही."

पुंजानं माझ्याकडं पाहिलं. मार्केटातली ती थट्टा त्यालाही ठाऊक होती; मी मानेनंच हो म्हटलं. तसं त्यानं ओठांवर आलेलं हसू आवरलं. पिशवीत हात घातला, एक कांदा काढला, दाबून पाहिला, वास घेतला.

"माल बेस शे," तो म्हणाला. "मायले सांगस मी. सौदा मोडला."

"नक्की?"

"नक्की. पण भाचे, नामपूरला कांदा घेऊन जाणारा मी पहिलाच माणूस बरं का. एष्टीत लोक वेड्यात काढतील मला."

"काढू दे," ती म्हणाली.

जेवून तो निघाला. हे त्याला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. मी भांडी गोळा करत होते. विशाखा दारात उभी होती. एकदम अनवाणीच गल्लीत धावली आणि त्याच्या पाठमोऱ्या, वाकलेल्या खांद्याकडं बघत बेंबीच्या देठापासून ओरडली,

"मामा! कांदे दिले की पिशवी परत आण. आमची आहे ती!"