पहिल्या पेटीतली पहिली बाटली

एक्याऐंशी साली वाशीला फ्लॅट घेणाऱ्याला मुंबईतले नातेवाईक वेड्यात काढायचे. दिनानाथ पेडणेकरलाही काढलं. खाडीपलीकडे राहायला जाताय, तिथे कोल्हे ओरडतात म्हणे! ओरडत होतेच, खोटं कशाला बोला. पण ते दिवस आठवले की दिनानाथचा ऊर अजून भरून येतो. मिठागरांवरून येणारा तो खारा वारा, तुर्भ्याच्या कारखान्यांचे नवेकोरे पत्रे, आणि त्यातल्याच एका रमच्या कारखान्यात त्याची कारकुनी. कारखाना दारूचा आहे हे आईनं शेजारी कधी सांगितलं नाही. औषधांचा म्हणायची. अगदीच खोटं नव्हतं म्हणा!

त्या वर्षी कारखान्याला परदेशातली पहिली ऑर्डर आली. युरोपातल्या एका देशात पन्नास पेट्या जायच्या होत्या. मॅनेजरनी सगळी कागदपत्रं दिनानाथच्या गळ्यात टाकली आणि सांगून टाकलं की माल सुखरूप पोचला तर एक्स्पोर्टचं टेबल तुझं, नाही पोचला तर उद्यापासून येऊ नकोस. तिथल्या एजंटानं नियमांचं हे एवढं बाड धाडलं होतं. दिनानाथनं ते पोथीसारखं पाठ केलं. तिकडे कर बाटलीमागे नाही, आतल्या अल्कोहोलच्या टक्क्यावर. लेबलावर टक्का छापायचा, माप छापायचं, आणि छापलं तेवढंच आत निघालं पाहिजे. आपला टक्का बेचाळीस पूर्णांक आठ. स्वप्नातसुद्धा बेचाळीस पूर्णांक आठ बडबडतो, अशी बायकोची तक्रार होती.

बाटल्यांना बूच बसवायचं काम जाईबाईकडे होतं. तळवलीची बाई, पन्नाशीची, नवरा गेलेला. शेत नव्या शहरात गेलं, त्या बदल्यात दहा चकरा मारून ही नोकरी मिळालेली, आणि घरात खाणारी सहा तोंडं. दिनानाथला ती भाऊ म्हणायची. सुकट आणली की कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या टेबलावर ठेवायची. सगळ्या ऑफिसला वास यायचा, पण बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

माल भरायच्या आदल्या दिवशी दिनानाथची पाचावर धारण बसली. त्यानं जाईबाईला गाठून म्हटलं, तुमच्या गावदेवीला जरा सांगा माझ्यासाठी. जाईबाई हसली. नुसत्या सांगण्यानं देवी ऐकत नाही, म्हणाली. नव्या कामाचा पहिला वाटा तिचा असतो. होडी पाण्यात जायची तर आधी दारूची धार, मग होडी. इथे तर दारूच परदेशी निघाली होती. पहिल्या पेटीतल्या पहिल्या बाटलीतली एक वाटी द्यावीच लागेल.

एक वाटी! दिनानाथला ते पटलं, हे विशेष. कारखान्यात एक्साइजचे इन्स्पेक्टर बसायचे, त्यांना चहा पाजून गप्पांत गुंतवायचं काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं. तो परत येईतो जाईबाईनं देवीसाठी वाटीभर रम काढून घेतली होती. पण आता बाटली अपुरी राहिली, तिचं काय? दिनानाथला नियम आठवला, माप पुरं हवं. जाईबाईलाही तेच वाटत होतं. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, आणि परक्याच्या घरी अपुरी वस्तू धाडू नये, ही तिच्या घरची रीत. तिनं गावच्या विहिरीचं पाणी तांब्यातून आणलंच होतं. बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच लावलं, दोघांनी हात जोडले. नियमांचं अख्खं बाड पाठ असलेल्या या शहाण्याच्या डोक्यात एवढं आलं नाही, की पाणी घातलं की टक्का उतरतो.

दीड महिन्यानं टेलेक्स आला. तिकडच्या अधिकाऱ्यांनी तपासायला पहिली पेटी फोडली आणि तिच्यातली पहिली बाटली उचलली. दुसरी कोणती उचलणार? लेबलावर बेचाळीस पूर्णांक आठ, आत साडेअडतीस. पन्नासच्या पन्नास पेट्या गोदामात अडकल्या, खुलासा पाठवा.

मॅनेजरनी बाटल्या भरणाऱ्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. दिनानाथ त्यांच्या खुर्चीशेजारी, हातात फाइल. कुणी पाणी घातलं, एवढाच प्रश्न होता. दिनानाथच्या डोळ्यांपुढे वाशीच्या फ्लॅटचे हप्ते आले, बायकोचे दिवस भरत आले होते ते आलं. बोलावं, आत्ता बोलावं, असं मनात घोकत तो मूग गिळून उभा राहिला.

"मीच केलंय सायब," जाईबाई पुढे येऊन म्हणाली. "एकलीनं केलं."

दिनानाथकडे तिनं एकदासुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी तिचा हिशेब झाला आणि ती डबा घेऊन फाटकाबाहेर गेली.

खरी मेख पुढेच आहे. महिन्याभरात तिकडून उत्तर आलं. बाकीचा माल तंतोतंत भरला, सोडून दिलाय. त्या एका बाटलीवर तिच्या टक्क्याप्रमाणे कर लावलाय, म्हणजे थोडा कमीच. एवढंच! कुणाची नोकरी जायचं काही कारणच नव्हतं. दिनानाथ ते पत्र घेऊन मॅनेजरकडे धावला, पण जाईबाईच्या जागेवर तोवर त्यांच्या ओळखीतली मुलगी लागली होती. दिनानाथला एक्स्पोर्टचं टेबल मिळालं. त्या टेबलावर सुकटीची पुडी मात्र पुन्हा कधी आली नाही, आणि त्याला त्या वासाची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

तळवली काही लांब नाही, बेलापूर रोडवर बसनं पंधरा मिनिटं. तिथे जायला त्याला सात वर्षं लागली. अठ्ठ्याऐंशी साली तो ऑफिसर झाला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि गेलाच. जाईबाई ओट्यावर निवट्या, खाडीच्या चिखलातले ते मासे, साफ करत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण त्याला पाहून तश्शीच हसली. बसा भाऊ, म्हणाली, पोरगी केवढी झाली, विचारलं. दिनानाथनं पेढे खाली ठेवले आणि सगळं ओकून टाकलं. देवीला सांगा असं मीच म्हटलं होतं, इन्स्पेक्टरना मीच अडकवून ठेवलं होतं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्या आशेवर उभ्या राहिलात आणि मी दगा दिला, जाईबाई. हेच तो सात वर्षं स्वतःला सांगत आला होता.

जाईबाईनं हात धुतले, पदराला पुसले.

"आशा कसली? तुमी बोलनार नाय, ह्ये मना तवाच ठाव होतं," ती म्हणाली. "आन् बोलला असता तं दोघांचीबी गेली असती. आमाला निदान खाडी हाय, चार निवट्या धरून दिस जातो. तुमच्याकडं काय होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. लेकराला समजवावं तसं बोलली आणि चहा ठेवायला आत गेली. दिनानाथ ओट्यावर बसून राहिला आणि त्याला रडू आवरेना.