राजमुंद्रीचा पाऊस

नंदाबाईने पुण्यापलीकडचा देश पाहिला नव्हता, पण दिवाळी सरली की कुठे कसली हवा असते हे तिला घरबसल्या कळे. तिचा मुलगा आकाश कारखान्यातल्या नव्या मोटारी ट्रेलरवर चढवून देशभर पोचवायचा आणि दिवेलागणीला घरी फोन करायचा. जेवलास का, असं तिने विचारायचं आणि त्याने हवा सांगायची. दुसरं बोलायला त्याला सुचत नसे. जम्मूच्या अलीकडे बोटं वाकत नाहीत इतका गारठा. हिसारकडे धूर आणि धुकं, भर सकाळी दिवे लावून गाडी हाकावी लागते. जैसलमेरला दुपारी बनियन पुरे आणि पहाटे घोंगडी पुरत नाही. कुठे स्वेटर लागतो आणि कुठे लागत नाही, एवढाच नंदाबाईचा नकाशा. त्यात एक ठिपका इकडून तिकडे फिरत असे, आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून असे.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा आकाशच्या आवाजामागे पत्रा धाडधाड वाजत होता.

"आई, आंध्रात राजमुंद्रीला अडकलोय. समुद्रातनं वादळ आलंय. ताडाची झाडं आडवी झालीत, ढाब्यात पाणी शिरलंय. टीव्हीवर सांगत्यात, हे आता आत सरकणार. तेलंगण, मराठवाडा, मग आपल्याकडं. उद्या भात कापू नका."

"उद्या तर माझाच वार हाय रं."

"मग वार सोड की!"

पोराने सहज म्हटलं, पण वार सोडणं सोपं नव्हतं. लोहगडाखालच्या त्या वाडीत भातकापणी अजून सावडीवर चाले. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. ज्याच्या घरचं माणूस इतरांकडे राबलं, त्याच्याकडे सगळे येणार. मजुरीचा प्रश्न नाही. फक्त आपला वार आपण वापरायचा. सोडला तर रांग पुढे सरकते आणि आपण शेपटाला. तोवर पिकलेलं भात उभ्याउभ्या गळून जातं. ज्यांचे वार झाले त्या सगळ्यांकडे नंदाबाई राबून आली होती. घरी दुसरं माणूस नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात सलत होती. तिचं भात अजून उभं होतं. उभं पीक वाऱ्यापावसात लोळलं तरी थोडंफार हाती लागतं. पण आदल्या दिवशी कापलेलं मुक्ताबाईचं भात वाळण्यासाठी खाचरात पसरलेलं होतं. ते भिजलं तर दाण्याला कोंब फुटणार. मुक्ताबाई तिची थोरली जाऊ, नंदाबाईची आक्का. नवरा गेल्यापासून एकटी राहणारी, जिभेने तिखट. "पोरगं फिरतंय देशभर, अन् आईची कापणी लोकांच्या जिवावर," असं तिने परवाच सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

सकाळी नंदाबाई अंगणात आली. गवत कोरडं होतं. रोज पायाला लागणारं दव त्या दिवशी नव्हतं, आणि गारठाही कुठे गेला होता. आभाळ मात्र घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत. तिला वाटलं, आपण उगीच भितोय. मग वाटलं, राजमुंद्रीच्या लोकांनाही परवा असंच वाटलं असेल.

विळे घेऊन मंडळी तिच्या बांधावर जमली. पुढे हनुमंतआबा. सावडीचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात, आणि त्यांचा शब्द शेवटचा.

"आबा, आज कापायचं न्हाई," नंदाबाई म्हणाली. "पाऊस येतोय. आकाशचा फोन आलता. सगळ्यांनी आक्काच्या खाचरात जाऊ. पेंढ्या बांधून उडवी रचू."

मंडळीतल्या तरण्या गेणूने आभाळाकडे पाहून कपाळावर हात धरला. "राजमुंद्रीत पाऊस आन् मावळात छत्री! काकू, तितं थंडी पडली की हितं शेकोटी लावायची का?"

लोक हसले. मुक्ताबाई हसली नाही.

"माझं भात अजून वाळलं न्हाई. ओल्या पेंढ्या रचल्या तर तापतील, दाना काळा पडंल. तुला कुणी सांगितलं माझी काळजी कराया?"

"आक्का, भिजलं तर काय करशील?"

"माझं मी बघीन. आन् आबा, ऐकून ठेवा. मी कुणाला बोलावलं न्हाई. ह्यो वार माझ्यावर चढवायचा न्हाई."

आबांनी डोकं खाजवलं. "मग धरू कुणाचा?"

"माझा धरा," नंदाबाई म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि तिने आपल्या उभ्या भाताकडे एकदा पाहिलं.

आबांनी बोटांवर हिशेब धरला. "नंदे, तुझा वार गेला मग. परत मागू नको."

"न्हाई मागत."

दिवस मावळेस्तोवर मंडळींनी मुक्ताबाईच्या पेंढ्या बांधल्या, खळ्याशेजारी उडवी रचली, वर प्लास्टिकचा कागद ओढून दगड ठेवले. मुक्ताबाई स्वतःही राबत होती, पण तोंडाचा पट्टा चालूच होता. तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडून ढग आले. गेणूचं हसू जरा कमी झालं. नंदाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पाऊस यावा असं आपण मनात धरतोय, आणि आपलंच भात उघड्यावर उभं आहे!

पाऊस आला. म्हणजे पहाटे पत्र्यावर चार थेंब वाजले, अंगणातली धूळ डागाळली, आणि संपलं. दुपारी पुन्हा कडक ऊन. सोलापूरकडे नदीनाले फुटले, असं लोक सांगत होते. मावळापर्यंत येता येता वादळाचा दम गेला होता.

संध्याकाळी फोन आला. "आई, झाला का पाऊस?"

"न्हाई रं."

"म्हंजी मी खोटा पडलो."

"खोटा कशानं? तू हुतास तितं पडला न्हवं? तू तितलं सांगितलंस." तिने थांबून विचारलं, "आता हायेस कुटं?"

"नागपूरच्या अलीकडं. आभाळ मोकळंय. लय गार."

"कानाला बांध."

दुसऱ्या दिवशी तिने उडवीकडे पाहिलं तर मुक्ताबाई एकटीच पेंढ्या सोडून पुन्हा उन्हात पसरत होती. आतल्या पेंढ्या खरंच तापल्या होत्या, हात लावला की कळत होतं. नंदाबाई खाली बसली आणि पेंढी सोडू लागली. आता आक्का काय काय ऐकवणार, याची तिने मनाची तयारी केली होती. मुक्ताबाईने नुसती शेजारची पेंढी तिच्याकडे सरकवली, आणि तेच जास्त जड गेलं.

थोड्या वेळाने आबा उद्याचा वार सांगायला आले. "उद्या गेणूकडं. परवा विठ्ठलकडं. नंदे, तुझं काय ते तू आता बघ."

"उद्या नंदीकडं," मुक्ताबाई मान वर न करता म्हणाली.

"तिचा वार झाला की."

"कसा झाला? काम कुणाच्या खाचरात झालं? माझ्या. मग वार माझ्यावर. सगळ्यांकडं एकेक दिवस जास्तीचा राबीन. हातपाय शाबूत हायेत माझे."

"अगं, परवा तूच म्हणालीस, माझ्यावर चढवू नका," आबा म्हणाले. "आन् कामाचा तरी काय उपेग झाला? उलट तुला दुप्पट राबावं लागतंय."

"म्हनूनच!" मुक्ताबाईने पेंढी झटकली. "पाऊस पडला असता तर माझं भात हिनं वाचिवलं, असं झालं असतं. त्ये मी कुटनं फेडनार हुते, आबा? जन्मभर हिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. पडला न्हाई, तर नुसतं काम झालं. कामाची फेड करता येती."

आबा हसले आणि मान हलवत निघून गेले. नंदाबाईने पुढची पेंढी ओढली. पण ती सोडायची विसरून ती जावेकडे बघू लागली.

"बघतीस काय," मुक्ताबाई म्हणाली. "सोड लवकर. ऊन कलतंय. आन् त्या पोराला इचार, नागपूरची थंडी हितं कवा येती. माझी गोधडी अजून धुवायची हाय."